एक्सईच्या दारावरची पाटी: व्हर्जन, आयकॉन, मॅनिफेस्ट आणि पोटात भरायच्या फायली

मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या ऑफिसातून फोन येतो: बिलं छापताना प्रोग्रॅम अडकलाय. आपण सांगतो, "टास्क मॅनेजर उघडा, यादीत आपला प्रोग्रॅम शोधा, राइट क्लिक करून एंड टास्क करा." पलीकडचे काका यादी वरपासून वाचायला लागतात आणि त्यांना काही सापडत नाही. तिथे ‘मेन_नवीन_फायनल२’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी विंडोजचा तो कोरा, पांढरा आयकॉन. प्रोग्रॅम चांगला लिहिलाय, हिशेबही बरोबर आहेत. फक्त दारावर पाटी लावायची राहिली.

ही पाटी एक्सईत, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालणाऱ्या फाईलमध्ये, कंपाइल करतानाच (कोडची एक्सई बनवताना) लावायची असते. त्यात काय लिहायचं, त्याच एक्सईत आणखी कोणत्या फायली भरता येतात आणि कुठे ठेच लागते, ते इथे लिहितोय. भर विंडोजवर आहे, कारण दादर-परळच्या ऑफिसांत आणि पतपेढ्यांत डेस्कटॉप प्रोग्रॅम चालतात ते बहुतेक तिथेच. कमांड आणि फील्डची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती अर्थात रोमनमध्ये करायची.

विंडोजच्या एक्सई आणि डीएलएलमध्ये (एक्सईला जोडून वापरायची कोडची फाईल) ‘.आरएसआरसी’ नावाचा एक सेक्शन असतो. आयकॉन, मजकूर, व्हर्जन असा कोडाव्यतिरिक्तचा माल, म्हणजे रिसोर्स, त्यात राहतो. त्याची रचना तीन पातळ्यांची: आधी प्रकार, मग नाव किंवा नंबर, मग भाषा. प्रकारांचे नंबर ठरलेले आहेत. आयकॉन ३, स्ट्रिंग टेबल ६, कच्चा डेटा म्हणजे आरसीडेटा १०, आयकॉन ग्रुप १४, व्हर्जन १६, मॅनिफेस्ट २४. हे नंबर लक्षात असलेले बरे, कारण एरर मेसेजमध्ये आणि रिसोर्स दाखवणाऱ्या टूल्समध्ये कधीकधी नाव न येता नुसता नंबर येतो.

हे सगळं ‘.आरसी’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहायचं. मायक्रोसॉफ्टच्या टूलचेनमध्ये आरसी डॉट एक्सई तिची ‘.आरईएस’ करतं आणि कोडचे तुकडे जोडून एक्सई बनवणारा लिंकर ती जोडतो. मिनजीडब्ल्यूत, म्हणजे विंडोजसाठीच्या जीसीसी कंपायलरच्या टूल्समध्ये, हेच काम विंडरेस करतं, पण आउटपुट सरळ ऑब्जेक्ट फाईल म्हणून काढतं. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: स्टॅटिक लायब्ररीत ठेवलेले रिसोर्स शेवटच्या एक्सईत आपोआप येत नाहीत. लिंकर तक्रारही करत नाही, आयकॉन नुसता गायब असतो. ‘.आरईएस’ फाईल एक्सईच्याच प्रोजेक्टला जोडायची.

व्हर्जनची माहिती

व्हर्जन रिसोर्सचे दोन भाग असतात. पहिला भाग निव्वळ आकड्यांचा. फाईल व्हर्जन आणि प्रॉडक्ट व्हर्जन, दोन्हींत स्वल्पविरामाने तोडलेले चार आकडे. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. तारीख घुसवायची हौस असेल तर २०२५०११५ असा सलग आकडा एका खणात मावत नाही. वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा बिल्ड असे चार खण करा, ते बसतं.

दुसरा भाग मजकुराचा: कंपनीचं नाव, फाईल डिस्क्रिप्शन, फाईल व्हर्जन, इंटर्नल नेम, ओरिजिनल फाईलनेम, प्रॉडक्ट नेम, प्रॉडक्ट व्हर्जन. हे सात हवेतच. कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि शेरा ऐच्छिक.

यात सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त दिसणारं फील्ड म्हणजे फाईल डिस्क्रिप्शन. टास्क मॅनेजरमध्ये जे नाव दिसतं ते हेच, आणि ‘ओपन विथ’च्या यादीतही हेच. त्यामुळे नावाप्रमाणे तिथे वर्णन लिहीत बसू नका. ‘सोसायटीच्या देखभाल बिलांसाठी विंडोज आधारित प्रणाली’ असं लांबलचक लिहिलं तर काकांना अर्धंच दिसणार. ‘सोसायटी बिल’ एवढं पुरे. ‘ओपन विथ’मधलं नाव विंडोज रजिस्ट्रीत ‘एमयूआयकॅश’ नावाच्या कीखाली साठवून ठेवतं. नाव बदलूनही जुनंच दिसत असेल तर आपल्या बिल्डवर संशय घेण्याआधी ती नोंद काढून पाहा.

व्हर्जन दोन ठिकाणी लिहिलं जातं, आकड्यांत एकदा आणि मजकुरात एकदा, आणि दोन्ही जुळलेच पाहिजेत अशी सक्ती कुठलंच टूल करत नाही. इथेच घोळ होतो. एमएसआय इन्स्टॉलर (विंडोजची स्वतःची इन्स्टॉल पद्धत) फाईल बदलायची की नाही हे आकड्यांवरून ठरवतो. मजकुरात २.४ लिहिलं आणि आकडे २.३ चेच राहिले, तर डीएलएलमध्ये केलेली दुरुस्ती ग्राहकाच्या मशिनवर पोचतच नाही. इन्स्टॉलर म्हणतो सगळं झालं, आणि फोल्डरमध्ये जुनीच फाईल. पॉवरशेलमध्ये फाईलच्या व्हर्जनइन्फोत ‘फाईलव्हर्जन’ हा मजकूर असतो आणि ‘फाईलव्हर्जनरॉ’ हे आकडे. दोन्ही छापून शेजारीशेजारी बघा. एमएसआयबद्दलच आणखी एक: पॅकेजच्या स्वतःच्या प्रॉडक्ट व्हर्जनमधले पहिले तीनच खण अपग्रेड ठरवताना मोजले जातात, आणि त्यातले पहिले दोन २५५ च्या पुढे जाऊ शकत नाहीत. म्हणजे वर सांगितलेली वर्षापासून सुरू होणारी पद्धत एक्सईला चालते, एमएसआयला चालत नाही. एमएसआयसाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे पहिल्या खणात घ्या, महिना दुसऱ्यात, आणि दिवस व बिल्ड मिळून तिसऱ्यात बसवा. नाहीतर सरळ १.०.० पासून चढवत जा.

म्हणून व्हर्जन एकाच हेडर फाईलमध्ये ठेवायचं. आरसी फाईल, ‘अबाउट’ची खिडकी आणि इन्स्टॉलरची स्क्रिप्ट, तिघांनी तिथूनच घ्यायचं. इनो सेटअप वापरत असाल तर त्याचा प्रीप्रोसेसर तयार एक्सईतूनच व्हर्जन वाचू शकतो, ते तर आणखी बरं. हाताने लिहिलेल्या मेकफाईलमध्ये हे हेडर आरसीच्या अवलंबित्वात टाकायला विसरू नका, नाहीतर हेडर बदलूनही जुनीच ‘.आरईएस’ जोडली जाते. व्हिज्युअल स्टुडिओच्या रिसोर्स एडिटरने एकदा सेव्ह केलं की तो आपल्या मॅक्रोंच्या जागी स्वतःला हवं ते लिहून मोकळा होतो. व्हर्जनचा ब्लॉक ‘.आरसी२’ फाईलमध्ये हलवा. एडिटर तिला हात लावत नाही.

विंडरेसचा एक खास सापळा. व्हर्जन रिसोर्सचा नंबर १ असावा लागतो. सगळीकडच्या नमुन्यांत त्या जागी ‘व्हीएस_व्हर्जन_इन्फो’ असं लिहिलेलं असतं. तो मॅक्रो आहे आणि विंडोजचं हेडर इन्क्लूड केलं तरच त्याचा १ होतो. हेडर राहिलं तर विंडरेस निमूटपणे ते अक्षरी नाव धरून रिसोर्स बनवतं. बिल्ड स्वच्छ, एकही वॉर्निंग नाही, आणि प्रॉपर्टीजमधला डिटेल्सचा टॅब रिकामा. मॅक्रोच्या जागी सरळ १ लिहा, प्रश्न मिटला.

आता भाषेचं. मजकुराच्या ब्लॉकला आठ आकड्यांचं हेक्स नाव असतं. पहिले चार भाषेचे, पुढचे चार कोडपेजचे, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या तक्त्याचे. अमेरिकन इंग्रजी ०४०९, मराठी ०४४ई, आणि युनिकोडचं कोडपेज ०४बी०, म्हणजे दशमानात १२००. खाली ‘ट्रान्सलेशन’ नावाची ओळ असते, तिथे हीच जोडी पुन्हा द्यायची. वर मराठीचा ब्लॉक आणि खाली नमुन्यातून उचललेलं ०४०९ तसंच राहिलं, तर मजकूर फाईलमध्ये असूनही वाचणाऱ्याला सापडत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ब्लॉक देता येतात, ट्रान्सलेशनमध्ये दोन जोड्या लिहायच्या. पण माझं मत असं की कंपनीचं आणि प्रॉडक्टचं नाव रोमनमध्ये, इंग्रजी ब्लॉकमध्येच असू द्यावं. कारण हे फील्ड माणसांइतकंच यंत्रंही वाचतात.

बीकेसी किंवा नरिमन पॉइंटच्या मोठ्या ऑफिसला सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. तिथे बहुधा कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे हे ठरवणारा अ‍ॅपलॉकर लावलेला असतो. त्याचा ‘पब्लिशर’ नियम प्रकाशकाचं नाव डिजिटल सहीतून घेतो, पण प्रॉडक्ट नेम, ओरिजिनल फाईलनेम आणि व्हर्जन मात्र आपल्या रिसोर्समधून. हे रिकामं सोडलं की तिथल्या आयटीवाल्याला एकतर तुमच्या सगळ्या प्रोग्रॅमना सरसकट परवानगी द्यावी लागते, नाहीतर प्रत्येक बिल्डला हॅशचा (फाईलच्या ठशाचा) नवा नियम. दुसरं तो करत बसत नाही आणि पहिलं त्याचे साहेब करू देत नाहीत. सिसमॉनसारखी नजर ठेवणारी टूल्सही ओरिजिनल फाईलनेमची नोंद ठेवतात. फाईलचं नाव एक आणि आतलं नाव भलतंच असेल तर सिक्युरिटीवाल्यांच्या भुवया उंचावणारच. म्हणून एक्सईचं नाव बदललं की हे फील्डही बदला.

मराठी अक्षरं आणि आरसी कंपायलर

आरसी डॉट एक्सईला तुमची फाईल कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे हे सांगितलं नाही, तर तो सिस्टिमचं एएनएसआय (जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचं) कोडपेज गृहीत धरतो. इंग्रजी (इंडिया) लावलेल्या मशिनवर ते १२५२ असतं. मराठीसाठी विंडोजने असं सिस्टिम कोडपेज कधी दिलंच नाही, मराठी पहिल्यापासून युनिकोडवरच. त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये लिहिलेलं ‘सोसायटी’ टोप्या आणि चिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांची रांग होऊन बाहेर पडतं. इंग्रजीतच लिहिणाऱ्यांनाही याचा झटका बसतो तो कॉपीराइटच्या चिन्हावर: त्याच्या आधी एक टोपीवाला ‘ए’ उगवतो.

उपाय दोन. फाईल बीओएमसकट (सुरुवातीच्या ओळख-बाइट्ससकट) यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह करणं, किंवा यूटीएफ-८ ठेवून फाईलच्या पहिल्याच ओळीत कोड_पेज प्राग्मा (कंपायलरला सूचना) ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ चा नंबर, देणं. आरसीच्या कमांडवर स्लॅश सी ६५००१ दिलं तरी चालतं, विंडरेसला डॅश सी ६५००१. मी दुसऱ्या उपायाच्या बाजूने आहे, कारण यूटीएफ-१६ फाईल गिटला (कोडमधले बदल नोंदणाऱ्या टूलला) बायनरी वाटते आणि कोणी काय बदललं ते दिसत नाही.

स्ट्रिंग टेबलमध्ये मराठी संदेश ठेवणार असाल तर आणखी एक बाब. आरसीत ‘लँग्वेज’च्या ओळीत मराठी दिलं म्हणून विंडोज तो मजकूर उचलेलच असं नाही. ते यूजरच्या डिस्प्ले भाषेवरून ठरतं, आणि मुंबईतल्या ऑफिसांत ती बहुतेक ठिकाणी इंग्रजीच असते. प्रोग्रॅम सुरू होताच सेटप्रोसेसप्रिफर्डयूआयलँग्वेजेस या फंक्शनला ‘एमआर-आयएन’ द्या, मग मराठी टेबल निवडलं जाईल.

आयकॉन

‘.आयसीओ’ फाईलमध्ये १६, २४, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेलच्या प्रतिमा ठेवा. स्क्रीन १२५ टक्क्यांवर असेल तर छोटा आयकॉन २० पिक्सेलचा लागतो, तोही घातला तर टास्कबारच्या कोपऱ्यात फाटका दिसत नाही. २५६ ची प्रतिमा पीएनजी स्वरूपात ठेवा, फाईल बरीच लहान होते. १६ ची प्रतिमा मोठीवरून नुसती आकसून घेऊ नका. लोगोत बारीक अक्षरं असतील तर त्या आकारासाठी फक्त ठळक आकार वेगळा काढा.

एक्सईत अनेक आयकॉन असले तर एक्सप्लोरर पहिला ग्रुप दाखवतो. ‘पहिला’ म्हणजे आरसी फाईलमध्ये आधी लिहिलेला नव्हे. अक्षरी नावाचे ग्रुप आधी, वर्णानुक्रमे, आणि मग नंबरांचे, चढत्या क्रमाने. म्हणून मुख्य आयकॉनला १ नंबर द्या आणि बाकीच्यांना अक्षरी नावं देऊ नका. आयकॉन बदलूनही जुनाच दिसला तर तो एक्सप्लोररचा कॅश. एक्सई वेगळ्या नावाने दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून बघा. तिथे नवा दिसला तर तुमचं काम झालेलं आहे.

मॅनिफेस्ट

मॅनिफेस्ट म्हणजे एक छोटी एक्सएमएल फाईल, प्रकार २४, एक्सईसाठी नंबर १ आणि डीएलएलसाठी २. विंडोजने या प्रोग्रॅमला कसं वागवायचं हे तिच्यावर ठरतं, त्यामुळे पाटीपेक्षा ही जास्त जपून लिहायची.

सुरुवात परवानगीपासून. ‘रिक्वेस्टेडएक्झिक्युशनलेव्हल’मध्ये ‘अ‍ॅजइन्व्होकर’ लिहा. ‘रिक्वायरअ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण त्याने फाईल लिहिण्याच्या अडचणी एका फटक्यात सुटतात. पण मग सोसायटीच्या क्लार्कला रोज सकाळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा. ते योग्य नाही.

ही ओळच नसेल तर ३२ बिटच्या एक्सईवर विंडोज अंदाज बांधतं की हा इन्स्टॉलर आहे का. फाईलच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’, ‘अपडेट’ असे शब्द आहेत का ते बघतं, आणि नुसतं नावच नाही, व्हर्जन रिसोर्समधलं प्रॉडक्ट नेम, फाईल डिस्क्रिप्शन, ओरिजिनल फाईलनेमही बघतं. ‘रेट अपडेट’ नावाचा तुमचा निरुपद्रवी छोटा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनची परवानगी मागायला लागतो तो यामुळे. ‘अ‍ॅजइन्व्होकर’ लिहिलं की हा अंदाज बंद.

पण हीच ओळ जुन्या प्रोग्रॅमला पहिल्यांदा जोडताना सावध राहा. मॅनिफेस्ट नसलेला ३२ बिट प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाईल्स’मध्ये डेटा लिहायला गेला, तर विंडोज त्याला नकार देत नाही. लिखाण गुपचूप यूजरच्या लोकल अ‍ॅपडेटाखालच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं, आणि वाचतानाही तिथूनच देतं. प्रोग्रॅमला वाटतं फाईल आपल्या शेजारीच आहे. मॅनिफेस्ट आलं की ही सोय बंद होते. नवी आवृत्ती टाकल्यावर ग्राहक म्हणतो, "आमची पाच वर्षांची बिलं गेली!" गेलेली नसतात, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडलेली असतात. मशिनवर दोन यूजर असतील तर दोघांची वेगवेगळी प्रत असते, आणि त्यातली खरी कुठली हे ठरवायला माणूसच लागतो. म्हणून नव्या आवृत्तीने पहिल्यांदा सुरू होताना तिथे डोकावून, सापडलेली फाईल योग्य जागी कॉपी करून मगच पुढे जावं. मूळ प्रत पुसू नये.

बाकीच्या ओळी भराभर सांगतो. ‘सपोर्टेडओएस’मध्ये विंडोज १० चा आयडी दिला नाही तर व्हर्जन विचारणारं जुनं फंक्शन ६.२, म्हणजे विंडोज ८, असं उत्तर देतं. कॉमन कंट्रोल्स ६ ची अवलंबित्वाची नोंद नसेल तर बटणं विंडोज ९५ च्या जमान्यातली दिसतात. ‘डीपीआयअवेअरनेस’मध्ये (स्क्रीनच्या झूमप्रमाणे आकार बदलणं) ‘परमॉनिटरव्ही२’ विंडोज १० च्या १७०३ पासून चालतं. ते लिहिण्याआधी खिडक्या खरंच नीट आकार बदलतात का ते तपासा, कारण धूसर पण वापरता येणारा प्रोग्रॅम हा तीक्ष्ण पण कापल्या गेलेल्या बटणांच्या प्रोग्रॅमपेक्षा बरा. आणि ‘अ‍ॅक्टिव्हकोडपेज’ यूटीएफ-८, विंडोज १० च्या १९०३ पासून: मराठी नावांच्या फायली जुन्या एएनएसआय फंक्शनांनी उघडायच्या असतील तर ही एक ओळ बरंच काम वाचवते.

व्हिज्युअल स्टुडिओत आरसीमध्ये मॅनिफेस्ट दिलं तर ‘सीव्हीटी११००, डुप्लिकेट रिसोर्स, टाइप मॅनिफेस्ट’ ही एरर येते आणि मागोमाग ‘एलएनके११२३’. लिंकर स्वतःचंही एक मॅनिफेस्ट घालतो, म्हणून. एकतर लिंकरला स्लॅश मॅनिफेस्ट नो सांगा, नाहीतर आरसीतली ओळ काढून मॅनिफेस्ट प्रोजेक्टच्या सेटिंगमधून द्या. एक्सएमएलमध्ये चूक असेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, ‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’ची तक्रार येते. नेमकी चूक एसएक्सएसट्रेस या टूलमध्ये दिसते.

बाकीच्या फायली पोटात भरणं

बिलाचा साचा, डेटाबेसचा आराखडा, लोगो, फॉन्ट: या गोष्टी शेजारी सुट्या ठेवल्या की कोणीतरी एक दिवस फक्त एक्सई पेनड्राइव्हवर घेऊन जातो. त्या आत हव्यात. आरसीत एक ओळ लिहायची: नंबर, आरसीडेटा, फाईलचा पत्ता. अवतरणचिन्हांतल्या पत्त्यात एकेरी बॅकस्लॅशवर भरवसा ठेवू नका, दोनदा द्या किंवा फॉरवर्ड स्लॅश वापरा. वाचताना फाइंडरिसोर्स, लोडरिसोर्स, लॉकरिसोर्स, आणि आकारासाठी साइझऑफरिसोर्स. मिळणारी मेमरी फक्त वाचण्याची असते, मोकळी करावी लागत नाही. टेक्स्ट फाईल असेल तर तिच्या शेवटी शून्य बाइट नसते, तेव्हा आकार मोजूनच वाचा. डीएलएलमधला रिसोर्स शोधताना मॉड्यूलच्या जागी नल दिलं तर शोध एक्सईत होतो आणि ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. डीएलएलचं स्वतःचं हँडल द्या.

डॉटनेटमध्ये हे ‘एम्बेडेडरिसोर्स’ म्हणून होतं. नाव बनतं ते मूळ नेमस्पेस, फोल्डर, फाईल असं टिंबांनी जोडून, आणि फोल्डरच्या नावातला डॅश अंडरस्कोर होतो. नाव चुकलं की स्ट्रीमच्या जागी नल मिळतं. अंदाज करत बसू नका, गेटमॅनिफेस्टरिसोर्सनेम्स चालवून यादी छापा किंवा ‘लॉजिकलनेम’ देऊन नाव स्वतः ठरवा. मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे. साच्याचं नाव ‘बिल.एमआर.एचटीएमएल’ ठेवलं की एमएसबिल्डला मधलं ‘एमआर’ म्हणजे भाषेचा कोड वाटतो. तो फाईल मुख्य असेंब्लीतून (डॉटनेटची एक्सई किंवा डीएलएल) काढून ‘एमआर’ फोल्डरमधल्या वेगळ्या डीएलएलमध्ये टाकतो. ‘बिल.इंग्रजी.एचटीएमएल’ सापडतो, मराठी सापडत नाही. प्रोजेक्ट फाईलमध्ये त्या फाईलला ‘विथकल्चर’ फॉल्स द्या, किंवा टिंबाऐवजी डॅश वापरा. डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून प्रॉडक्ट व्हर्जनच्या मागे अधिक चिन्ह आणि गिटचा लांबलचक हॅश आपोआप चिकटतो. नको असेल तर ‘इन्क्लूडसोर्सरिव्हिजनइनइन्फॉर्मेशनलव्हर्जन’ फॉल्स करा. आपल्या प्रोग्रॅमचा बिल्ड शोधायला तो हॅश खरं तर कामाचा आहे, मी ठेवतो.

गोमध्ये १.१६ पासून एम्बेडचा निर्देश आहे. दोन स्लॅशनंतर जागा सोडायची नाही, वरच्या फोल्डरमधली फाईल घेता येत नाही, आणि पूर्ण फोल्डर भरताना टिंबाने किंवा अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फायली गळतात. आयकॉन-व्हर्जनसाठी मात्र ‘.सिसो’ फाईल (रिसोर्सची तयार ऑब्जेक्ट फाईल) पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते, आणि बिल्ड करताना नुसत्या फाईलचं नाव दिलं तर ती जोडलीच जात नाही. पूर्ण पॅकेज बिल्ड करा. रस्टमध्ये इन्क्लूड_बाइट्स, पत्ता त्या सोर्स फाईलच्या जागेपासून मोजायचा. क्यूटीत क्यूआरसी (रिसोर्सची यादी) फाईल स्टॅटिक लायब्ररीत असेल तर क्यू_इनिट_रिसोर्स बोलवावं लागतं.

सी आणि सी++ मध्ये हेक्स आकड्यांचं भलंमोठं अ‍ॅरे बनवण्याची पद्धत छोट्या फाईलला ठीक, काही एमबीला कंपायलर दमतो. सी२३ मध्ये यासाठी ‘एम्बेड’ निर्देश आला आहे, जीसीसी १५ आणि क्लँग १९ मध्ये तो चालतो. लिनक्सवर ईएलएफ फाईलमध्ये (तिथली चालणारी प्रोग्रॅम फाईल) आयकॉनची सोयच नाही, तो ‘.डेस्कटॉप’ फाईलमधून येतो. मॅकवर बंडलमधल्या इन्फो.पीलिस्टमधून.

फॉन्ट

मराठी बिल छापायचं तर फॉन्ट आत असलेला बरा. मुंबईच्याच एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, एक्सईत भरता येतात. अट अशी की लायसन्सचा मजकूरही सोबत हवा, वापरणाऱ्याला सहज दिसेल असा. ‘अबाउट’मध्ये एक बटण द्या. फॉन्ट मेमरीतूनच उघडायला अ‍ॅडफॉन्टमेमरिसोर्सईएक्स आहे. तो फक्त आपल्या प्रोसेसपुरता दिसतो, मशिनवर काही इन्स्टॉल होत नाही. आकार कमी करायला फॉन्टची छाटणी करणार असाल तर जीएसयूबी टेबल (जोडाक्षरं घडवण्याचे नियम) राहू द्या आणि शून्य रुंदीचा जॉइनर, म्हणजे यू+२००डी, अक्षरांच्या यादीत धरा. नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ‘दर्‍या’तला र हवा तसा उमटत नाही. तपासायला ‘कोऱ्या, दर्‍या, ज्ञानेश्वर, श्री, क्षीरसागर, शाळा’ एवढे शब्द छापून बघितले की पुरतं.

काय भरू नये

बदलणारे आकडे. सोसायटीच्या देखभाल शुल्कावरच्या जीएसटीची सवलत दरमहा, दर सभासद ५००० रुपयांपर्यंत होती, जानेवारी २०१८ मध्ये ती ७५०० झाली. असा आकडा एक्सईत पक्का केला की तेवढ्यासाठी सगळ्या ग्राहकांकडे नवा बिल्ड पाठवायचा. तो सेटिंगमध्ये हवा.

आणि पासवर्ड. सेव्हन-झिपमध्ये एक्सई उघडून बघा, ‘.आरएसआरसी’चं फोल्डर उघडतं आणि आतल्या फायली सरळ बाहेर काढता येतात. एक्सईच्या आत आहे म्हणून काही लपलेलं नसतं. दुसरी एक्सई आत भरून चालताना बाहेर काढणंही टाळा. व्हायरस हेच करतात, आणि अँटिव्हायरस दोघांत फरक करायला बांधील नाही.

क्रम

आधी रिसोर्स, मग बिल्ड, मग डिजिटल सही. सहीनंतर व्हर्जनचं एक अक्षर बदललं तरी सही बाद. तयार एक्सईवर आरसीएडिट किंवा रिसोर्स हॅकरने आयकॉन बदलायचा असेल तर एक अपवाद ध्यानात ठेवा. पायइन्स्टॉलरची एक-फाईल एक्सई आपला सगळा पायथन कोड एक्सईच्या शेपटाला जोडते. वरून रिसोर्स बदलले की ते शेपूट तुटतं आणि प्रोग्रॅम सुरू होताना आतलं पॅकेज सापडत नाही म्हणतो. तिथे आयकॉन आणि व्हर्जन फाईल बिल्डच्याच कमांडला द्या. बिल्ड सर्व्हरवर रिसोर्स बदलण्याची पायरी मधूनच फेल होत असेल तर बहुधा अँटिव्हायरसने नुकतीच तयार झालेली फाईल तपासायला धरून ठेवलेली असते. बिल्डचं फोल्डर त्यातून वगळा, ते जमत नसेल तर काही सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करणारी पायरी घाला.

पाठवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पॉवरशेलमधून व्हर्जनइन्फोची पूर्ण यादी; एमटी टूलने एक्सईतून मॅनिफेस्ट बाहेर काढून ते आपणच लिहिलेलं आहे याची खात्री; आणि अ‍ॅडमिन नसलेल्या यूजरवर, दुसऱ्या मशिनवर, नुसती एक्सई कॉपी करून एक बिल छापणं. तिसरी पायरी लोक गाळतात, आणि शेजारी राहिलेली सुटी फाईल नेमकी तिथेच उघडी पडते.